परतीची तारीख

कमलताई सरवदे गेल्या त्याला आता वर्ष होत आलं, तरी माझ्या दुकानात येणारं जुनं गिऱ्हाईक अजून आधी त्यांच्या खुर्चीकडं बघतं आणि मग माझ्याकडं वळतं. मला त्याचा राग येत नाही. दुकान माझं असलं तरी गिऱ्हाइकं त्यांची होती, हे मी त्या असतानाच मान्य करून टाकलं होतं.

सोलापुरात भवानी पेठेत माझं तिकिटांचं दुकान आहे. वडिलांच्या काळात तिथं चादरी विकल्या जात. माझ्या हातात आल्यावर मी ट्रॅव्हल्सच्या बसची तिकिटं काढून द्यायला लागलो, मग रेल्वेची, मग विमानाची. कमलताईंनी सगळी नोकरी रेल्वेच्या रिझर्वेशनच्या खिडकीवर काढली. रिटायर झाल्या आणि पुढच्याच सोमवारी माझ्या दुकानात येऊन बसल्या. मी बोलावलं नव्हतं. आमची ओळख एवढीच की मी त्यांच्या खिडकीसमोर बरीच वर्षं रांगेत उभा राहिलो होतो आणि त्यांनी मला एकदाही रांग मोडून पुढं घेतलं नव्हतं.

"घरी बसून डोकं फिरंल माझं, सुधीर," त्या म्हणाल्या. "तुला काय त्रास न्हाय. चहा तेवढा पाज."

चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्या येताना घरून उशी घेऊन आल्या आणि खुर्चीवर ठेवली. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण चहावर थांबणारं नाही.

बाकी जगात तिकीट काढणाऱ्याला आधी विचारतात, कुठं जायचंय? कमलताई आधी विचारायच्या, "परत कधी?" चष्मा नाकाच्या शेंड्यावर, त्याची दोरी गळ्यात, आणि एप्रिल-मेतसुद्धा खांद्यावर स्वेटर, कारण खिडकीच्या आतला एसी एकदा त्यांच्या हाडात जो शिरला तो निघालाच नाही. एकदा एक गृहस्थ लग्नाचं वऱ्हाड न्यायला बस ठरवायला आले. नवरीची पाठवणी त्याच बसनं व्हायची होती. कमलताईंनी विचारलं, "नवरीचं परत कधी?" गृहस्थ चिडले. म्हणाले, "अहो मॅडम, लग्न होऊन चाललीय ती." कमलताई शांतपणे म्हणाल्या, "मग? म्हायेरी येणार न्हाय व्हय कदी?" गृहस्थ समोरच्या बाकावर टेकले. शेवटी पहिल्या सणाला पोरीला आणायची तारीख तिथंच बसून ठरली आणि तिचं तिकीटही आमच्याकडंच निघालं. असा माझा धंदा त्यांनी वाढवला, त्यांच्या ध्यानीमनी नसताना.

रिकामी जागा त्यांना बघवत नसे. हे मी मोठं तत्त्व म्हणून सांगत नाही, तो त्यांचा स्वभावच होता, एखाद्याला वाकडी लावलेली तसबीर बघवत नाही तसा. शेअर रिक्षात एक जण कमी असला की त्या रिक्षावाल्याच्या आधी ओरडायच्या, "चला, स्टेशन, स्टेशन." बाकावर पिशवी ठेवून बसलेल्या माणसाला म्हणायच्या, "पिशवीचं तिकीट काढलंय का?" माझ्या पुतण्याच्या लग्नात पंगत बसली, पानं वाढली, आणि मधलं एक पान रिकामं राहिलं. कमलताईंनी उभ्या उभ्या मांडव न्याहाळला आणि शिडीवर चढून माळा लावत असलेल्या वायरमनला खाली उतरवून तिथं बसवलं. तो बिचारा दोन्ही बाजूंच्या व्याह्यांच्या मधोमध बसून जेवला. पुढं त्याच्या घरच्या प्रत्येक प्रवासाचं तिकीट तो कमलताईंकडंच काढत असे.

हे असं का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, लाईट गेलेली होती, आणि आम्ही दोघं पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो होतो.

त्या नोकरीत नवीन असताना दुधनीकडचं एक जोडपं खिडकीवर आलं. बाईला मुंबईला कॅन्सरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. नवऱ्याला मराठी धड येत नव्हतं, तो कानडीत बोलत होता आणि हातानं आडवं झोपायची खूण करून दाखवत होता. बाईला बसवत नव्हतं. गाडी फुल होती, कोटा संपलेला होता. कमलताई साहेबाकडं जाऊन आल्या, काही झालं नाही. ते दोघं जनरलच्या डब्यात दाराजवळ, पटकुरावर बसून गेले. दोन दिवसांनी त्या गाडीचा टीसी परत आला आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, "त्या दिवशी मजा आली. सोलापुरातून बसणारी दोन माणसं आलीच नाहीत, पुण्यापर्यंत दोन बर्थ रिकामे. एकावर मी आडवा झालो आणि दुसऱ्यावर बॅग ठेवली."

"बॅग," कमलताई म्हणाल्या. "त्या बाईच्या जागंवर बॅग झोपली बघ."

पुढं त्या बाईचं काय झालं, असं मी विचारलं. "म्हाइत न्हाय की," त्या म्हणाल्या, आणि लाईट आली तसा पुठ्ठा बाजूला ठेवून कामाला लागल्या.

आता विमानाचं सांगायला हवं. परदेशी जाणाऱ्या विमानांचं एक विचित्र गणित असतं. पुष्कळदा नुसतं जायचं तिकीट महाग पडतं आणि जाऊन यायचं स्वस्त. असं का, हे मला आजपर्यंत कुणी नीट सांगितलेलं नाही. त्यामुळं शिकायला किंवा नोकरीला निघालेलं पोर जाऊन यायचं तिकीट काढतं, जातं, आणि येतानाचं सोडून देतं. आमच्या धंद्यात आम्ही त्याला फेकायची रिटर्न म्हणतो. परतीची तारीख काहीतरी टाकायची असते म्हणून टाकायची. मी डोळे मिटून कुठलीही टाकत असे.

हे पहिल्यांदा कमलताईंना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"म्हंजे जागा धरायची आणि बसायचं न्हाय?"

"ताई, पैसे भरलेत त्यांनी जागेचे."

"पैशाचं मी इचारलंच न्हाय. बसणार कोण त्या जागंवर?"

"कोणी नाही."

"आणि कुणाला यायचं असंल तर?"

मी त्यांना समजावलं. विमान कंपन्या काही खुळ्या नसतात. थोडी माणसं येणार नाहीत हे धरूनच त्या जास्तीची तिकिटं विकतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कंपनीचं कंपनी बघंल. आपण आपली जागा अडवून ठेवायची न्हाय." त्या दिवसापासून त्यांनी एक काम स्वतःकडं घेतलं. अशी परतीची तारीख जवळ आली की त्या परदेशातल्या त्या पोराला फोन लावायच्या. आधी जेवणाखाण्याची चौकशी, मग थंडीची, मग म्हणायच्या, "बाळा, येणार न्हाईस ना? मग जागा सोड." पोरं हसायची. पण बहुतेक जण, बाईंचा तगादा नको म्हणून का होईना, कॅन्सलचं बटण दाबायची. कुणी लाजून म्हणायचं, तुम्हीच करा मॅडम. मग त्या स्वतः करायच्या आणि झाल्यावर "सुटली एकदाची" असं म्हणून चहा मागवायच्या.

यात एक चूक आमच्याकडून होऊन गेली. पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, श्रीनिवास नावाचा मुलगा जर्मनीला शिकायला गेला. घरचे यंत्रमाग, टॉवेलचा छोटा कारखाना. तिकीट आमच्याकडंच काढलं होतं, अर्थातच फेकायच्या रिटर्नसकट, आणि मी डोळे मिटून उगादीच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या, आदल्या दिवसाची तारीख टाकली होती. पोरगं जाताना आईला काही बोललं नाही. तिकिटाचा एक कागद घरी राहिला आणि आईनं तो देवघरात ठेवला. उगादी जवळ आली तशी ती माउली, नरसम्मा तिचं नाव, केसात गजरा घालून, नवं लुगडं नेसून दुकानात आली.

"मुंबईला विमान किती वाजता उतरतंय, मॅडम? आमचे हे म्हणत्यात गाडी करून जावं आणायला. पोरगं काय सांगंना झालंय फोनवर. आमाला गंमत करायची असंल त्याला."

मी खाली बघून स्टेपलरमध्ये पिना भरायला लागलो. भरलेल्याच होत्या त्या. कमलताई उठल्या, नरसम्माला आपल्या उशीच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि जे होतं ते सांगितलं. स्वस्त पडतं म्हणून असं काढतात, तो येणार नव्हताच, शिकायला अजून पुष्कळ दिवस आहेत, पोरगं गुणी आहे. नरसम्मानं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "येणार नव्हता, मग तारीख कशाला घातली?"

कमलताई तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आल्या. नरसम्मा गेल्यावर त्या मला पहिल्यांदा आणि शेवटचं रागानं बोलल्या. "हितनं पुढं सणाची तारीख टाकायची न्हाय. दिवाळी न्हाय, पाडवा न्हाय, उगादी न्हाय, ईद न्हाय, जयंती न्हाय. फेकायचं तिकीट हाय, तर साध्या दिवसाचं काढायचं. कळलं का बे?" कळलं, म्हणालो. त्यानंतर कुठल्याही फेकायच्या रिटर्नची तारीख मी त्यांना दाखवल्याशिवाय टाकली नाही. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत असा एखादा मंगळवार शोधून काढायच्या की ज्याच्याकडं कुणाचंही लक्ष जाणार नाही.

आणि उगादीच्या आदल्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "सुधीर, मला जरा स्कूटरवर सोड पूर्व भागात." कशाला, ते सांगितलं नाही. मी सोडलं आणि उन्हातनं परत फिरायचा कंटाळा आला म्हणून आत गेलो. नरसम्मा घरात एकटीच होती. येणार नाही हे कळूनही तिनं पोराच्या आवडीचा चिंचेचा भात केला होता, चांगला पातेलंभर. कमलताईंनी विमानाचा विषय काढला नाही. टॉवेलचं सूत कुठून येतं, मागाचा आवाज इतका असताना पोरगा अभ्यास कसा करायचा, असलं विचारत बसल्या. ताटात भात घेतला, परत घेतला, मलाही घ्यायला लावला. नरसम्मा वाढता वाढता पोराच्या लहानपणचं सांगायला लागली आणि मग तिला थांबवायची गरजच उरली नाही. निघताना तिनं कमलताईंच्या हाताला धरून दारापर्यंत आणलं. तेलुगूत काहीतरी म्हणाली, ते आम्हा दोघांना समजलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

पुढं माझ्या लक्षात आलं की हे एका घरापुरतं नव्हतं. कुणाच्या परतीची तारीख असली की त्या दिवशी कमलताईंना त्या भागात काहीतरी काम निघायचं. आईबापांना आता आधीच सगळं माहीत असे, तारीख साध्या दिवसाची असे, तरी त्या जायच्या. माणूस विसरतो म्हणतात, पण जिच्यावर आपल्या पोराचं नाव छापलेलं आहे ती तारीख आई विसरत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. घटकाभर बसायच्या, शेंगा चटणीची पुडी ठेवायच्या आणि यायच्या.

त्यांची स्वतःची मुलगी सुजाता. एकुलती एक. ती शाळेत असतानाच वडील गेले. नर्सिंग शिकली, सोलापुरात नोकरी केली, मग आयर्लंडच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं. बुधवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत त्या दिवशी पेढ्यांचे बॉक्स ठेवायला जागा नव्हती. कमलताई सगळ्या पेठेला पेढे वाटत फिरल्या आणि माझ्या दुकानाशी येऊन बसल्या तेव्हा त्यांनी स्वतः एकही खाल्लेला नव्हता. मी भरवला.

सुजाताचं तिकीट अर्थातच आमच्याकडं काढायचं होतं. पोरगी समंजस. म्हणाली, "सुधीरकाका, जाऊन यायचं काढा, ते स्वस्त पडायलंय. पहिल्या वर्षी मला रजा मिळायची नाही, यायचं जमणारच नाही." कमलताई शेजारी बसल्या होत्या. मी म्हणालो, ताई, साधा दिवस सांगा. त्यांनी कॅलेंडरकडं बघितलंसुद्धा नाही.

"तेरा एप्रिल टाक," म्हणाल्या.

तेरा एप्रिलला तिकडून निघालेलं विमान चौदाच्या पहाटे मुंबईत पोचतं. चौदा एप्रिलला जयंती. सुजाता कळत्या वयाची झाल्यापासून दर जयंतीला मायलेकी पांढऱ्या साड्या नेसून सकाळी विहारात जायच्या आणि तिथून दुकानावरनं जाताना मला खीर देऊन जायच्या. मी कमलताईंकडं बघितलं. "ताई, जयंतीला?"

"असू दे," त्या म्हणाल्या. "टाकायची म्हणून टाकायची हाय."

सुजातानं आईकडं बघितलं आणि मग मोबाईल बघत बसली. मी तारीख टाकली.

जाताना कमलताईंनी तिला कडक भाकऱ्यांचा एवढा गठ्ठा बांधून दिला की विमानतळावर सामानाचं वजन करणाऱ्या माणसानं त्याला काय म्हणायचं ते विचारलं. सुजाता म्हणाली, "आई." हे तिनं मला फोनवर हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता रडली.

सुजाता वाईट नव्हती, हे इथं सांगून टाकतो. पुढं ती आली, दोनदा आली, महिना महिना राहिली. कमलताईंचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं, आणि ज्या हातांनी तिनं ते काढलं तसे हात मला शेवटी मिळोत एवढंच मी मागतो. तेव्हा तिला बोल लावायला मी हे लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते पहिल्या वर्षीच्या तेरा एप्रिलचं.

त्याच्या आठवडाभर आधी सुजाताचा फोन येऊन गेला होता. रजेचं विचारलं, नाही म्हणाले, नवीन वॉर्ड लागलाय. कमलताईंनी मला हे नेहमीच्या आवाजात सांगितलं. मी समजलो की आता एखाद्या दिवशी त्या ते तिकीट कॅन्सल करतील. दोन दिवस गेले, चार दिवस गेले. मी मुद्दाम आठवण केली नाही.

तेराला त्या नेहमीसारख्या आल्या. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं, पण पोरं मात्र खांबावर चढून निळ्या पताका बांधत होती आणि एक स्पीकर थोडा थोडा वाजवून बघत होती. आमच्या घड्याळाप्रमाणं ते विमान तिकडून दुपारी तीनच्या सुमाराला सुटायचं होतं. मी सकाळीच ते बुकिंग उघडून ठेवलं.

"ताई, सुजाताचं करून टाकू का?"

"बघू की," त्या म्हणाल्या आणि शिर्डीच्या बसची चौकशी करणाऱ्या बाईंना खिडकीजवळची सीट का नको ते सांगत बसल्या.

बारा वाजता त्यांनी डबा उघडला नाही. उपास आहे का, विचारलं, तर भूक न्हाय म्हणाल्या. एकच्या पुढं गिऱ्हाईक थांबलं. मी म्हणालो, "ताई, अजून वेळ आहे."

"हाय की."

"मी दाबू का बटण?"

"चहा सांग."

चहा आला. त्यांनी कपाला हात लावला नाही. त्या माझ्या स्क्रीनकडं बघत होत्या, आणि मधेच दाराकडं. त्यांचा मोबाईल टेबलावर उताणा ठेवलेला होता. दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्यांनी झटकन उचलला आणि दोन्ही वेळा दुसरंच कुणीतरी होतं. एकदा तर कर्ज हवंय का विचारणारा फोन होता. त्यालाही त्या "नको रे बाळा" म्हणाल्या.

तीन वाजून गेले. मी पान पुन्हा उघडून बघितलं. विमान सुटलं होतं.

मला खरं तर त्यांचा राग आला. राग असा नाही, पण जीव तुटत होता आणि तो रागासारखा बाहेर पडला. मी म्हणालो, "ताई, सगळ्या जगाच्या पोरांना फोन करून तुम्ही जागा सोडायला लावली. आणि आज बघा. गेली की रिकामी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "गेली."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. मग माझ्याकडं न बघता, एखाद्या गिऱ्हाइकाला समजावतात तसं हळू म्हणाल्या, "पर सुधीर, समज ऐनवेळी रजा मिळाली असती आणि पोरगी पळत पळत आली असती, तर बसली कुटं असती?"

मी स्क्रीनवरचं ते पान बंद केलं. त्यांनी चष्मा घातला, गार झालेला चहा पिऊन टाकला आणि पिशवी उचलली. "आज जरा लवकर जाते," म्हणाल्या. "उद्याची खीर करायची हाय." मी दारापर्यंत गेलो. पदर डोक्यावर घेऊन, पताका बांधणाऱ्या पोरांच्या शिडीला वळसा घालून, त्या भर उन्हातनं बुधवार पेठेच्या दिशेनं चालत गेल्या.